तिरपा काप

आमचे थोरले साडू आयुष्यात एकदाच खरं बोलले, आणि तेही नको तिथे. एरवी भिंगारपासून श्रीरामपूरपर्यंत त्यांच्याइतका अट्टल थापाड्या माणूस शोधून सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे नातं माणसाला निवडता येत नाही. बायको केली की ते आपोआप पदरात पडतं, आणि मग दिवाळी, बारसं, वास्तुशांत, दरवेळी एकाच पंगतीत शेजारी बसून त्यांचं ऐकून घ्यावं लागतं. मी ऐकलं. एका साहेबाची जीप त्यांनी मुळा धरणाच्या भिंतीवरून उलटी चालवत नेली, हे ऐकलं. रणगाड्याचा पट्टा तुटला तेव्हा बैलाच्या कासऱ्याने बांधून त्यांनी तो भिंगारच्या वेशीपर्यंत आणला, हेही ऐकलं. पुढच्या दिवाळीला तोच रणगाडा पाथर्डीपर्यंत पोचला होता. मी शाळामास्तर, हिशेबाचा माणूस. एकदा न राहवून विचारलं, "अहो, कासरा तुटला नाही का?" तर म्हणाले, "साडूभाऊ, तुमी शिकवा पोरांना. कासरा खिलाराचा हुता." आक्का, म्हणजे त्यांची बायको, वाढता वाढता नुसती मान हलवायची. "त्यांचं काय मनावर घेता भाऊजी," म्हणायची, "उचलली जीभ अन् लावली टाळ्याला."

थापांवर भागलं असतं तर बरं होतं. त्यांना गाड्यांच्या खाली वाकून बघायची खोड होती. गाडीचा रंग, काचा, गाद्या यांच्याकडे ते ढुंकून पाहत नसत. "बॉडी म्हंजे कापडं. आज ही घातली, उद्या ती घातली. मानूस चेसीत असतो," असं त्यांचं म्हणणं. चेसी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. तो दिसावा म्हणून ते कुठेही, कोणत्याही कपड्यांत जमिनीवर लोळण घेत. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात नवरदेवाची गाडी आली, सनई सुरू झाली, आणि वधूची आई आरतीचं ताट घेऊन पुढे झाली तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. सगळ्यांना वाटलं कोणीतरी चिरडलं. एका नातलगांच्या अंत्ययात्रेत त्यांनी शववाहिकेच्या खालून डोकं काढून माझ्या कानात सांगितलं, "टेम्पोची हाय. मागं वाढवलीय." मी त्यांचा कोपर इतका जोरात दाबला की लोकांना वाटलं मला हुंदका अनावर झाला. मला पाहायला सासरची मंडळी आली होती तेव्हासुद्धा सगळ्यांनी पगार विचारला, शेती विचारली, यांनी मात्र मागे येऊन माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या, कान लावल्यासारखं केलं, आणि सासऱ्यांना सांगितलं, "चेसी चांगली हाय. करून टाका." माझं लग्न या निकालावर झालेलं आहे.

आता एवढं सांगाड्याचं वेड कुठून आलं, तर पोटापाण्यातून. भिंगारला एक भंगारचा ठेकेदार होता. लष्कराने निकालात काढलेल्या गाड्या तो लिलावात घाऊक उचलायचा. अट अशी, की सांगाडा मधोमध कापल्याशिवाय गाडी आवाराबाहेर जाता कामा नये, म्हणजे पुन्हा कोणी ती रस्त्यावर आणणार नाही. ते कापायचं काम साडूंचं. गॅसची नळी हातात घेऊन जन्मभर त्यांनी हेच केलं. चांगल्या धडधाकट जीपा, ट्रक, कधी एखादी साहेबाची जुनी परदेशी मोटार, सगळ्यांचे दोन दोन तुकडे. ते थापा मारायचे त्यात गाड्या चालवल्या, ओढल्या, उडवल्या असं सगळं असायचं. कापल्या असं कधी नसायचं. एकदाच, आक्काच्या दुखण्यात आम्ही दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर बसलो होतो, तेव्हा आपण होऊन म्हणाले, "सरळ काप मारला ना साडूभाऊ, तर पुन्ना जोड धरत न्हाई. मी तिरपा मारायचो. दोन आडव्या पट्ट्यांच्या बरोब्बर मधी. सायबाला कापलेलं दिसायचं, अन् ज्याला जोडायची त्याला जोडता यायची." मग म्हणाले, "लई तोडलं. मरायच्या आधी एक तरी जोडून जाईन." मी ही आणखी एक थाप म्हणून सोडून दिली. सुरुवातीला एकदाच खरं बोलले म्हणालो, ते दोनदा असं करून घ्या.

पुढे त्यांच्या पुतण्याने त्यांना जुना मोबाईल दिला आणि आमचं मरण ओढवलं. त्यात त्यांना अमेरिकेतले लोक दिसले. हे लोक म्हणे आपल्या आजोबांच्या काळातला एखादा गंजका सांगाडा शोधून काढतात, त्यावर दांडगं इंजिन चढवतात, बॉनेट काढून टाकतात, टप कापून खाली बसवतात, आणि आगीचे लोळ रंगवून गावातून हिंडवतात. त्याला हॉट रॉड म्हणतात. साडूंनी ते बघितलं आणि जेवण विसरले. "बघा, बघा, कापतेत अन् जोडतेत! कापतेत ती जोडन्यासाठी!" हा एकच धोशा. भिंगारभर सांगून झालं की आपण नगर जिल्ह्यातली पहिली हॉट रॉड करणार. सांगाडा नाही, इंजिन नाही, जागा म्हणाल तर आक्काच्या तुळशीशेजारची. पण बोलबाला झाला. तो बेलापूरकडच्या एका बड्या बागायतदारांच्या कानावर गेला. त्यांच्या कांद्याच्या चाळीत कुठल्याशा जुन्या गाडीचा सांगाडा पडून होता. त्यांनाही मोबाईल होता आणि लेकीचं लग्न दिवाळीनंतर काढलं होतं. चारचौघांच्या लेकी घोडागाडीतून मिरवतात, आपली हॉट रॉडमधून मिरवायची, असं त्यांनी मनात घेतलं. पण सांगाडा खरोखर जुना, अस्सल असला पाहिजे. तो ओळखायला माणूस कोण, तर भिंगारचे मिस्त्री, म्हणजे आमचे साडू. ओळख पटली तर गाडी बनवायचं कामही त्यांचंच, असा निरोप आला. साडूंनी नवा सदरा घातला, आणि मला सुट्टी होती हे माझं दुर्दैव.

तो शुक्रवार होता. चाळीत कांद्याच्या गोण्या रचलेल्या. खाली ओल लागू नये म्हणून त्या ज्या लोखंडावर ठेवल्या होत्या तोच हा सांगाडा. पुढचा भाग गोण्यांखालून बाहेर आलेला, मागचा गडप. साडू त्याच्याभोवती फिरले, वितीने मोजलं, पाना आपटून आवाज ऐकला, गंज बोटावर घेऊन जिभेला लावला. बागायतदार, त्यांचे दोन भाऊ, गावातले दहा-पाच लोक श्वास रोखून उभे. "पुढं निमुळती," साडू म्हणाले. "मधी फुलीसारखा आधार. रिबिटी बघा, हातानं मारलेल्या. ही अमेरिकेची हाय. मोठ्या लढाईच्या आधीची. असली चेसी म्या उभ्या जन्मात दोनदा बघितली, ही तिसरी." त्यांचा आवाज कापत होता. मला त्यांच्या थापांचा आवाज ठाऊक होता, तो कधीच कापत नसे. बागायतदारांनी तिथल्या तिथे नारळ मागवला, सांगाड्याला झेंडूचा हार घातला, आणि नारळ फोडायचा मान मिस्त्रींना दिला. त्यांनी तो फोडला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, हे मी शेजारून पाहिलं.

लगेच कामाला लागायचं तर दुसरा दिवस शनिवार. शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत हे सगळीकडेच आहे. पण आमच्या जिल्ह्यात, शिंगणापूर हाकेच्या अंतरावर असताना, त्यावर कोणी विनोदसुद्धा करत नाही. इंजिन, अँगल, पाईप सगळं रविवारी येणार असं ठरलं. आम्हाला मुक्कामाला ठेवून घेतलं आणि जावयासारखी बडदास्त ठेवली. शनिवारी सकाळी मी खाटेवर पेपर वाचत पडलो. गोण्या आदल्या संध्याकाळीच हलवल्या होत्या. साडूंना काही करमेना. "नवं लोखंड आनू नये. हाय त्याला आंघोळ घालायला देवाची ना न्हाई," असं म्हणत त्यांनी रॉकेल मागितलं, तारेचा ब्रश मागितला, आणि सांगाड्याखाली शिरले. आतून गुणगुणणं ऐकू येत होतं. माणूस इतका सुखात असलेला मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. मग गुणगुणणं बंद झालं. मला वाटलं झोप लागली. बऱ्याच वेळाने आवाज आला, "साडूभाऊ, हिकडं या जरा."

मी वाकून पाहिलं. मागच्या बाजूला त्यांनी थर काढून लोखंड उघडं केलं होतं. त्यावर आतून बसवलेली एक जाड पट्टी होती, आणि पट्टीच्या कडेने एक रेघ गेलेली दिसत होती. तिरपी.

"हा काप कोनाचा हाय?" त्यांनी विचारलं.

"मला काय कळतंय?"

"माझा."

मी म्हटलं, "अहो, कापणारे काय तुम्ही एकटेच होता?"

"दुसरं कोन तिरपा कापायचं? दोन पट्ट्यांच्या मधी, खालनं वर नेलेला. आपलं अक्षर आपल्याला वळखू येत न्हाई व्हय, मास्तर?" मग त्यांनी रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे पाना आपटला. आवाज वेगळा आला, तो मलाही कळला. पुढचं अर्धं खरोखर त्या परदेशी मोटारीचं होतं. मागचं अर्धं कुठल्याशा लष्करी ट्रकचं, जाड पत्र्याचं. दोन्ही त्यांनीच कधीतरी कापलेले तुकडे. आणि कोण्या गावच्या कोण्या मिस्त्रीने ते भंगारातून उचलून, ट्रॉली करायला म्हणून, एकमेकांना सांधले होते. जोडता यावं म्हणून यांनी काप तिरपा ठेवला, आणि कोणीतरी खरंच जोडलं. "काय जोडलंय बघा," ते सांध्यावरून बोट फिरवत म्हणाले, "कोन बहाद्दर हुता कोन जाने."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की गप्प बसा. पट्टीवर पुन्हा काळं फासा, उद्या इंजिन येईल, गाडी करा आणि मोकळे व्हा. खाली वाकून बघणारा या तालुक्यात तुमच्याशिवाय कोणी नाही. मी मुलांना रोज खरं बोलायला शिकवतो आणि मला हे सांगताना काहीही वाटलं नाही, आजही वाटत नाही. "तुम्ही आजवर इतक्या थापा मारल्या," मी म्हटलं, "ही एक जास्त झाली म्हणून काय बिघडलं?"

त्यांनी रॉकेलच्या बोळ्याने हात पुसले. "त्या तोंडाच्या हुत्या, साडूभाऊ," ते म्हणाले. "हे हाताचं हाय. म्या दोन केल्यात, अन् मीच एक हाय म्हनू?"

आणि गेले. बागायतदार ओसरीवर पाहुण्यांना घेऊन बसले होते, व्याहीही त्यात होते. सगळ्यांच्या देखत यांनी सांगून टाकलं. बागायतदारांना आधी गंमत वाटली, मग त्यांचा चेहरा उतरला.

"अवो मिस्त्री, काल तुमीच म्हनला ना अस्सल हाय म्हनून?"

"काल वर गोन्या हुत्या."

"मग पुन्ना ठेवतो गोन्या!" पाहुणे हसले. बागायतदार हसले नाहीत. "म्या साऱ्या गावाला सांगितलं. आता काय सांगू, अर्धी हाय म्हनून?"

साडूंनी हात जोडले. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. "गाडी व्हईल मालक. झकास पळंल. मी करून देतो, दोन्ही अर्धं असं बसवतो का दगडावर आपटा. फकस्त ती एक हाय असं म्हनू नका."

पण त्यांना गाडी कुठे हवी होती? त्यांना नाव हवं होतं. शुक्रवारी आम्हाला घ्यायला जीप आली होती. शनिवारी फाट्यापर्यंत कोणी साधी मोटरसायकलसुद्धा काढली नाही. आम्ही उन्हातून चालत निघालो. मागे वळून पाहिलं तर एक शेळी सांगाड्यावरचा झेंडूचा हार खात होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं मी म्हणालो.

पुढचं मला कोणी सांगायची गरज नव्हती, मोबाईलवर येत गेलं. पुण्याहून एक तज्ज्ञ आले. त्यांच्या शर्टावर चारही बाजूंनी काही ना काही छापलेलं होतं. त्यांनी सांगाड्याबरोबर उभं राहून फोटो काढला आणि अस्सल म्हणून शिक्कामोर्तब केलं. वाकले की नाही देव जाणे. फोटोत तरी ताठ उभे होते. गाडी पुण्यातच बनली. भिंगारला लोक साडूंना चिडवू लागले, "काय मिस्त्री, चेसी वळखायला येता का?" ज्यांनी जन्मात कधी एक स्क्रू पिळला नाही असे लोक. सगळ्यांत वाईट म्हणजे साडूंनी त्यावर एखादी सणसणीत थाप मारून त्यांची तोंडं बंद करायची, ती मारली नाही. दिवाळीला ते पंगतीत शेजारी बसले आणि जेवून उठले. आक्काने स्वयंपाकघरातून मला खुणेने विचारलं, काय झालंय? मी काय सांगणार? मला त्यांचा राग येत होता. जगात सगळीकडे खोटं खपतं, आणि आमच्या घरातला एवढा तयार, मुरलेला थापाड्या नेमका त्या दिवशी धर्मराज झाला, याचा राग.

लग्नाच्या दिवशी सकाळीच ते आमच्या दारात हजर. "मिरवनूक दुपारी हाय. चला."

"आपल्याला बोलावणं नाही."

"रस्त्यानं जानारी गाडी बघायला बोलावनं लागतं व्हय?"

एसटीने गेलो. गावात दुकानाच्या फळीला टेकून उभे राहिलो. आधी बँजो आला, मग फेटेवाले, आणि मग ती. लालभडक, पुढे बॉनेट नाही, उघडं इंजिन चांदीसारखं चमकतंय, अंगावर पिवळ्या ज्वाळा. आवाजाने पोरं कानांवर हात ठेवून किंचाळत होती. मी कबूल करतो, तिचे भर रस्त्यात दोन तुकडे व्हावेत अशी मी मनापासून इच्छा केली. नवरा-नवरी सुखरूप राहोत, पण गाडी मोडो. तसं काही झालं नाही. गाडी मस्त चालत होती. खरं सांगायचं तर देखणी दिसत होती. बागायतदार स्टिअरिंगवर होते. त्यांची नजर आमच्यावरून गेली, थांबली नाही.

बघतो तर साडू शेजारी नाहीत. ते नाचणाऱ्या पोरांच्या पायांत, तापल्या डांबरावर गुडघे टेकून, एक गाल जवळजवळ रस्त्याला लावून गाडीखाली बघत होते. "ओ बाबा, उठा, चेंगराल!" असं म्हणून कोणीतरी त्यांना बखोट धरून बाजूला केलं. धोतर झटकत ते माझ्याकडे आले.

"सांधा धरलाय," ते म्हणाले. आणि हसले. त्या घडीला त्यांच्या लेखी पुण्याचे तज्ज्ञ नव्हते, बागायतदार नव्हते. जणू ती त्यांचीच लेक चालली होती. मला बघवेना.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. बाहेर ऊस होता. समोरच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्याने सहज विचारलं, "कुठं गेल्ते पाव्हनं?"

"लग्नाला."

"कोनाच्या?"

"वळखीच्या," साडू म्हणाले. मी वाट पाहत होतो. ऐकणारा समोर होता, वेळ होता, विषय तर पायाशी येऊन पडला होता. मारा ना एक, मी मनात म्हणत होतो, तुमच्या सगळ्या दिवाळ्यांची शपथ, मी साक्ष देतो. त्यांनी तोंड उघडलं नाही. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला रस्त्याचं डांबर लागलेलं होतं. शेवटी मला सहन होईना.

"आज मिरवणुकीत ती लाल गाडी होती ना," मी त्या म्हाताऱ्याला मोठ्याने म्हटलं, "सगळ्या जिल्ह्यात जिचं नाव झालंय. ती यांनीच बनवलीय."

म्हाताऱ्याने डोळे मोठे करून त्यांच्याकडे पाहिलं. साडूंनी खिडकीबाहेरची नजर हलवली नाही.

"अर्धी," ते म्हणाले.